घरी केलेला रूम फ्रेशनर टिकत नाही? तेल वाढवण्याआधी हे तपासा

घरी सुगंध बनवणाऱ्यांची एकच तक्रार सारखी कानावर येते: पहिल्या दिवशी मस्त वास आला, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. लवंग-दालचिनीचं उकळतं पातेलं असो, स्प्रेची बाटली असो, काड्यांचा डिफ्यूझर (सुगंधी द्रवात काड्या उभ्या केलेली बाटली) असो की वाटीत ठेवलेल्या सुक्या पाकळ्या आणि मसाले, तक्रार तीच. त्यावर बहुतेक जण उपायही एकच करतात. तेल वाढवतात. दहा थेंबांचे वीस होतात, विसाचे चाळीस. बाटली लवकर संपते, डोकं जड होतं आणि वास काही टिकत नाही.

तेल कमी पडलं म्हणून वास टिकला नाही, असं फार क्वचित होतं. वास येतो म्हणजे तेलाचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचतात. ही वाट चार ठिकाणी बिघडते. तेल एका झटक्यात उडून जातं. किंवा ज्यात मिसळलंय त्यातच अडकून बसतं. किंवा मुळात मिसळलेलंच नसतं, नुसतं वर तरंगत किंवा तळाशी पडून असतं. नाहीतर वास खोलीत असतो, पण आपल्याला कळत नाही. आपलं यातलं नेमकं काय झालंय हे कळलं की उपाय सोपा असतो, आणि बहुतेक वेळा तेल वाढवावं लागत नाही, उलट कमी करावं लागतं.

आधी नाकाची खात्री करा

एकच वास सलग काही मिनिटं नाकात गेला की मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. नाकाचा हा स्वभावच आहे, त्यात बिघाड काही नाही. त्यामुळे दिवसभर खोलीत बसलेला माणूस त्या खोलीच्या वासाबद्दल काही सांगू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या. दार उघडून आत शिरल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांत जे जाणवेल ते खरं. बाहेरून नुकत्याच आलेल्या कुणाला विचारलंत तर आणखी चांगलं. कॉफीचे दाणे हुंगून नाक ताजं करायची पद्धत आहे, पण साध्या मोकळ्या हवेपेक्षा त्याने जास्त काही साधत नाही.

तुमचा सुगंध या चाचणीत पास झाला, तर त्यात सुधारण्यासारखं काही नाही, वापरायची पद्धत तेवढी बदला. दिवसरात्र मंद वास सोडत राहणाऱ्या गोष्टींना नाक सगळ्यात लवकर सरावतं. डिफ्यूझरच्या निम्म्या काड्या काढून ठेवा, वाटीवर दिवसाचे काही तास झाकण ठेवा, स्प्रे दिवसातून दोनदाच मारा.

एक गोष्ट इथेच सांगतो. खोलीत ओल असेल, कचऱ्याचा किंवा दमट कपड्यांचा वास असेल, तर त्यावर सुगंध चढवून उपयोग नाही. दोन्ही मिळून तिसराच, जास्त त्रासदायक वास तयार होतो. आधी मूळ शोधा, ती जागा कोरडी करा, हवा खेळू द्या. सुगंधाचा नंबर त्यानंतर.

पातेल्यात उकळलेले मसाले: अर्ध्या तासात वास संपतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संत्र्याच्या सालीतलं मुख्य सुगंधी द्रव्य लिमोनीन. ते सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतं. लवंगेतलं युजेनॉल साधारण २५४ अंशांना, दालचिनीच्या सालीतलं सिनामाल्डिहाइड २४८ च्या आसपास. हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की पाणी तर १०० अंशांवर थांबतं, मग तेलं उडतात कशी? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळे दोघांची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे देते आणि ती बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळायला लागतं. म्हणून ही तेलं १०० अंशांच्या थोडं खालीच वाफेबरोबर वर येतात. सुगंधी तेल काढणारे कारखाने याच युक्तीने वनस्पतींतून तेल काढतात. मोठ्या आचेवर खदखदणारं पातेलं म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला तसलाच एक कारखाना. फरक इतकाच, की तिथे तेल गोळा होतं आणि तुमच्याकडे ते पंधरा-वीस मिनिटांत हवेत निघून जातं. मागे उरतं तपकिरी कोमट पाणी.

तेव्हा पहिली दुरुस्ती आचेची. पाण्याला एकदा उकळी आणा आणि लगेच आच इतकी कमी करा की पृष्ठभाग नुसता थरथरेल, कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येईल. खळखळ आवाज ऐकू आला की आच जास्त आहे. गॅसच्या सगळ्यात लहान बर्नरवरही हे जमत नसेल तर पातेलं मोठं घ्या आणि पाणी जास्त ठेवा. स्लो कुकर असेल तर झाकण काढून सगळ्यात कमी सेटिंगवर ठेवा. तासन्‌तास वास टिकवायला त्याच्यासारखं दुसरं भांडं नाही.

दुसरी दुरुस्ती क्रमाची. सगळं एकदम पाण्यात टाकलं की हलके वास आधी निघून जातात आणि जड वास तोपर्यंत सुटलेलेच नसतात. दालचिनीची साल लाकडासारखी कठीण, तिच्यातून तेल सावकाश सुटतं. ती पाण्याबरोबरच घाला. अर्ध्या तासाने लवंग, वेलची, चक्रफूल. संत्र्याची किंवा लिंबाची साल अगदी शेवटी, आणि दर तासाला थोडी थोडी नवी. साल फार वेळ उकळली तर ताजा वास जातो आणि शिजलेल्या फळाचा गोडसर वास मागे राहतो. तो कुणाला आवडत असेल तर भाग वेगळा.

मसाले अख्खे घ्या, पण ठेचून. वेलचीची टरफलं फोडा, दालचिनीचे तुकडे करा, लवंगेची डोकी खलबत्त्यात हलक्या हाताने दाबा. तेल पेशींच्या आत असतं, ती दारं उघडावी लागतात. मात्र पूड घालू नका. पुडीतलं तेल एका उकळीत निघून जातं, उरलेला चोथा तळाला बसतो आणि करपतो. तुमच्या पातेल्याला धुरकट, कडवट वास येतो अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा कारण पूड किंवा आटलेलं पाणी हेच असतं. वरून पाणी घालायचं ते गरम घाला. थंड पाणी घातलं की तापमान एकदम उतरतं आणि मग आपण आच वाढवून मोकळे होतो.

इसेन्शियल ऑइलचे, म्हणजे वनस्पतींतून काढलेल्या सुगंधी तेलाचे, थेंब उकळत्या पाण्यात टाकू नका. ते दोन-तीन मिनिटांत सगळेच्या सगळे वर येतात, डोळे चुरचुरतात. शिवाय बाटली ज्वालेजवळ न्यायचीच नाही, ही तेलं पेट घेतात. घालायचेच असतील तर गॅस बंद करून, वाफ थोडी निवल्यावर दोन-तीन थेंब पुरतात.

वास स्वयंपाकघराबाहेर येत नसेल तर वर बघा: चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू आहे का? तो सगळा सुगंध इमानेइतबारे घराबाहेर टाकत असतो. बंद करा, किंवा गरम पातेलं उचलून जाड पाटावर घराच्या मध्यभागी ठेवा.

उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं असेल तर गार करून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर फळांच्या साली आंबतात आणि दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर आंबूस वास येतो. दोन-तीन दिवसांपलीकडे मात्र ते फेकूनच द्या. आणि पातेलं गॅसवर ठेवून घराबाहेर पडू नका, झोपूही नका.

स्प्रे: कधी नुसतं पाणी, कधी नुसतं तेल

दोन पारदर्शक ग्लासांत पाणी घ्या. एकात संत्र्याच्या तेलाचे चार थेंब टाका, दुसऱ्यात लवंगेच्या तेलाचे. संत्र्याचं तेल पाण्यावर पसरून पातळ चकचकीत थर होतो. लवंगेचं तेल मणी होऊन खाली जातं आणि ग्लास तिरपा केला की तळाशी इकडून तिकडे घरंगळतं. संत्र्याच्या तेलाची घनता सुमारे ०.८४, लवंगेच्या तेलाची १.०५ च्या जवळपास, दालचिनीच्या सालीचं तेलही पाण्यापेक्षा जडच.

आता स्प्रेची बाटली डोळ्यांसमोर आणा. तिची नळी तळापर्यंत जाते. संत्र्याचं तेल आणि पाणी भरलं तर महिनाभर नळी खालचं पाणीच ओढत राहते आणि शेवटच्या चार दाबांत निव्वळ तेल बाहेर येतं, पडद्यावर डाग पाडतं. लवंग-दालचिनी असेल तर उलट: पहिले दाब झणझणीत, नंतर पाणीच पाणी. दोन्हीकडे निष्कर्ष एकच काढला जातो, 'वास टिकत नाही'. बाटली हलवून मारली तर काही सेकंद काम होतं, तेवढंच.

मीठ घालून, ग्लिसरिन घालून तेल पाण्यात विरघळत नाही. व्होडकामध्ये अल्कोहोल ४० टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. बाजारातल्या विच हेझलमध्ये (त्याच नावाच्या झुडपाचा अर्क) तर अल्कोहोल साधारण १४ टक्केच असतं. या दोन्हींच्या भरवशावर केलेला स्प्रे थोड्या वेळाने वेगळा होतोच.

तेल खरोखर विरघळवायचं असेल तर ९० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं, इथाइल किंवा आयसोप्रोपिल. आयसोप्रोपिलला स्वतःचा दवाखान्यासारखा वास असतो, तो दोन-तीन मिनिटांत उडतो. १०० मिलीच्या बाटलीसाठी २ ते ३ मिली सुगंधी तेल पुरे. थेंबांत मोजायचं तर १ मिलीचे साधारण २० थेंब होतात, पण ड्रॉपर आणि तेल बदललं की हा हिशोब हलतो. आधी तेल ७५ ते ८० मिली अल्कोहोलमध्ये घालून नीट ढवळा आणि रात्रभर ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटर चमच्याचमच्याने घाला. द्रव दुधाळ दिसायला लागला की थांबा. अल्कोहोलची ताकद उतरल्यामुळे तेल पुन्हा बाहेर पडू लागल्याची ती खूण. चमचाभर अल्कोहोल घातलं की परत स्वच्छ होतं. पाणी अजिबात घातलं नाही तरी चालतं. ७० टक्क्यांचं अल्कोहोल घेतलेल्यांची बाटली सुरुवातीपासून धुरकट दिसते, कारण त्यात ३० टक्के पाणी आधीच आहे.

अल्कोहोल नको असेल तर पॉलिसॉर्बेट २० वापरा, हे तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य आहे. तेलाच्या चार ते आठ पट पॉलिसॉर्बेट घेऊन आधी फक्त ही दोन एकजीव करा, मग पाणी घाला. उलट क्रमाने केलं तर फसतं. हा स्प्रे थोडा चिकट असतो, आणि मुख्य म्हणजे पाण्याचा असल्यामुळे त्यात जिवाणू आणि बुरशी वाढते. प्रिझर्व्हेटिव्ह घालणार नसाल तर छोटी बाटली करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. तळाशी पांढरे धागे दिसले किंवा वास आंबला तर ती बाटली गाळून वाचवू नका, ओतून द्या. त्यातले जंतू फवाऱ्याबरोबर श्वासात जातात.

हवेत मारलेला स्प्रे कितीही चांगला असला तरी थोडा वेळच टिकणार, कारण थेंब पाहता पाहता सुकतात किंवा जमिनीवर बसतात. जाड सुती पडद्यावर किंवा पायपुसण्यावर मारला तर धाग्यांतून वास सावकाश सुटतो. पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मारून एक दिवस थांबा. लवंग, पचौली, व्हॅनिला आणि संत्रं यांचे डाग पडतात. रेशीम आणि पॉलिश केलेलं लाकूड यांच्यापासून लांबच राहा, तेल आणि अल्कोहोल दोन्ही पॉलिश उतरवतात.

बाटली काचेची घ्या. लिमोनीन थर्माकोल अक्षरशः विरघळवून टाकतं, आणि थर्माकोल ज्या पॉलिस्टायरिनचं असतं त्याच पॉलिस्टायरिनचे पारदर्शक कडक प्लॅस्टिकचे डबेही मिळतात. ड्रॉपरच्या रबरी टोपीवरही तेलाची वाफ काम करते. रबर मऊ, चिकट होतं आणि तेलाला रबराचा वास लागतो. शुद्ध तेल ड्रॉपर लावून साठवू नका, मूळ झाकण लावा. अल्कोहोलचा स्प्रे ज्वालेच्या, उदबत्तीच्या, मेणबत्तीच्या आसपास कधीही मारायचा नाही. बाटली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही.

काड्यांचा डिफ्यूझर: बाटली भरलेली, वास शून्य

इथे नेमकं उलटं होतं. तेल उडून गेलेलं नसतं, ते अडकलेलं असतं. बाटलीतली पातळी दोन महिन्यांत जेमतेम रेघभर उतरली असेल तर निदान झालंच म्हणून समजा.

पहिला संशय बेसवर घ्या. खोबरेल, बदामाचं तेल, कुठलंही खाद्यतेल घट्ट असतं आणि उडत नाही. ते काडीतून कसंबसं चढतं आणि सुगंधाचे रेणूही धरून ठेवतं. काही महिन्यांत काड्या चिकट होतात, तेल खवट होतं. त्याऐवजी डायप्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीपीजी, घ्या. ते पातळ नसलं तरी सावकाश उडतं आणि सुगंधी तेलं त्यात विरघळतात. मी तीन भाग डीपीजीला एक भाग अल्कोहोल घेतो आणि एकूण द्रवात सुगंधी तेल २० ते २५ टक्के ठेवतो. निव्वळ अल्कोहोलवर केलेला डिफ्यूझर सुरुवातीला जोरदार चालतो, पण पाहता पाहता बाटली रिकामी होते.

दुसरा संशय काड्यांवर. काडी वेताची हवी. वेताच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक नळ्या असतात, कापलेलं टोक भिंगाखाली धरलं की छिद्रं दिसतात. एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने जोरात फुंकलं की बुडबुडे आले पाहिजेत. स्वयंपाकघरातल्या बांबूच्या काड्या दिसायला तशाच, पण बांबूत पेरं आडवी येतात आणि तेल वर चढायला फार वेळ लागतो. वेताच्या काड्यांनाही आयुष्य असतं. धूळ बसते, जड तेलं आत साकळतात, नळ्या बुजतात. बाटली पुन्हा भरताना काड्या नव्या घ्या, आणि एका सुगंधाच्या काड्या दुसऱ्यात वापरू नका. आठवड्यातून एकदा उलट्या करा. १०० मिलीला सहा ते आठ काड्या पुरतात, उंची बाटलीच्या साधारण दुप्पट. बाटलीचं तोंड अरुंद असावं, नाहीतर द्रव काड्यांवाटे जाण्याऐवजी उघड्या तोंडातूनच उडून जातो.

तेलांची निवड हाही मुद्दा आहे. चंदन, वाळा, व्हॅनिला ही जड मंडळी एकट्याने काडी चढत नाहीत. त्यांचं प्रमाण थोडं ठेवून बरोबर वेलची, लॅव्हेंडर, निलगिरी अशी हलकी तेलं घ्या. जागा अशी शोधा जिथून माणसं येत-जात असतात, म्हणजे हवा हलती राहते. पंख्याच्या झोतात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलात तर पटकन संपेल, बंद कोपऱ्यात ठेवलात तर कुणाला कळणारही नाही.

पाण्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक अल्ट्रासॉनिक डिफ्यूझरची तक्रार वेगळी असते: वाफ कमी झाली, आजूबाजूला पांढरी भुकटी बसते. ती जड पाण्यातल्या क्षारांची. डिस्टिल्ड वॉटर वापरा, मधली चकती पातळ व्हिनेगरने पुसा, घट्ट आणि राळेसारखी तेलं त्यात घालू नका. १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब खूप झाले.

वाटीतलं सुकं मिश्रण दोन दिवसांत निर्जीव होतं

सुक्या पाकळ्यांवर वरून तेल शिंपडलं तर ते पृष्ठभागावरच राहतं आणि दोन दिवसांत उडतं. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ओरिस रूटची (आयरिस फुलझाडाच्या सुकवलेल्या मुळाची) भरड, ऊद, वाळ्याची मुळं यांपैकी काहीही चालेल. तेल आधी या भरडीवर टाका, चमच्याने चोळून मुरवा, मगच पाकळ्या आणि मसाल्यात मिसळा. नंतर सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून अंधारात दोन ते चार आठवडे ठेवा, पहिले काही दिवस रोज बरणी हलवा. हा मुरायचा वेळ वगळला की मिश्रण फसतंच. सुरुवातीचा तिखट, सुटा सुटा वास याच काळात एकत्र येतो. ओरिस रूटची काहींना अॅलर्जी असते, पूड हाताळताना नाकावर रुमाल बांधा.

जुनं मिश्रण मंदावलं की लगेच तेलाची बाटली काढू नका. आधी आतली दालचिनी मोडा, जायफळ थोडं किसा, लवंगा चुरडा. आत अजून भरपूर तेल असतं, नवा पृष्ठभाग उघडला की वास परत येतो.

ओलावा हा या प्रकाराचा शत्रू. संत्र्याच्या चकत्या ५ मिलीमीटर जाडीच्या कापून ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर तीन-चार तास, मध्ये उलटून, पूर्ण कोरड्या होईपर्यंत वाळवा. मधला गर चिकट लागत असेल तर चकती अजून ओली आहे. एका चकतीवर बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्या, निवडत बसू नका. अख्ख्या संत्र्यात लवंगा टोचून करतात त्यातही तेच: लवंगा दाट टोचल्या आणि हवेशीर जागी ठेवलं तर संत्रं आक्रसून वाळतं, विरळ टोचल्या तर मधल्या सालीवर बुरशी धरते.

कधीकधी बरणीत बारीक तपकिरी किडे आणि तळाशी पिठासारखा भुगा दिसतो. मसाल्यांतले हे किडे लवंग-दालचिनीच्या वासाला अजिबात भीत नाहीत, सुकी फुलं आणि मुळंही खातात. किडलेलं मिश्रण पिशवीत बांधून घराबाहेर टाका. नवीन आणलेले मसाले मिश्रणात घालण्याआधी हवाबंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरून सगळं ओलं होईल.

सुरुवातीला संत्रं, मग फक्त लवंग

मिश्र सुगंधात हे होणारच. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. थोडं पचौली, वाळा किंवा चंदन घातलं तर हलक्या तेलांचा वेग जरा कमी होतो, पण लिंबू-संत्र्याचा वास दिवसभर टिकवणं त्यांच्याही हातात नाही. लिंबाचीच जाणीव हवी असेल तर गवती चहाचं तेल घ्या. त्यातलं सिट्रल सुमारे २२९ अंशांना उकळतं, त्यामुळे ते लिमोनीनपेक्षा बरंच जास्त टिकतं. आणि लवंग-दालचिनी कमी करा. या दोन तेलांचा एक थेंब जास्त पडला तर बाकी सगळे वास झाकले जातात.

कुठलंही मिश्रण मोठ्या प्रमाणात करण्याआधी कागदाच्या जाडसर पट्टीवर एक थेंब घ्या, पट्टीवर वेळ लिहा आणि पाच मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. सकाळी जो वास पट्टीवर असेल तोच खोलीत राहणार आहे. तो आवडत नसेल तर मिश्रण बदला.

हीच पट्टी तेलाची परीक्षाही करते. निव्वळ तेलाचा एक थेंब साध्या पांढऱ्या कागदावर टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट, पारदर्शक डाग तसाच असेल तर त्यात खाद्यतेलाची भेसळ असण्याची शक्यता मोठी. चंदन, वाळा, पचौली, राळेची तेलं आणि सालीतून दाबून काढलेली लिंबू-संत्र्याची तेलं थोडा डाग ठेवतात, त्यांना हा नियम लावू नका. दालचिनीच्या तेलाला लवंगेसारखा वास येत असेल तर लेबल वाचा: ते पानांचं तेल असेल. पानांत युजेनॉल जास्त असतं, सालीत सिनामाल्डिहाइड. थंडीत चक्रफुलाचं तेल बाटलीत गोठून पांढरं झालं तर ते खराब झालेलं नाही. त्यातलं अॅनेथॉल २०-२१ अंशांच्या खाली घट्ट होऊ शकतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळेल.

संत्र्याच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा, रंगासारखा वास येत असेल तर ते मात्र संपलं. हवेतल्या ऑक्सिजनने लिमोनीन बिघडतं आणि तयार होणारे पदार्थ त्वचेला अॅलर्जी देतात. अशी तेलं गडद काचेच्या, शक्यतो भरलेल्या बाटलीत, थंड जागी ठेवा आणि उघडल्यापासून वर्षभरात वापरा. अर्धी झाली की लहान बाटलीत ओता.

डोकं दुखतं, खोकला येतो, मांजर अस्वस्थ होतं

इथे दुरुस्ती एकच: ताबडतोब बंद करा, खिडक्या उघडा. मांजराच्या यकृताला फिनॉल गटातली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत आणि लवंगेतलं युजेनॉल त्याच गटातलं. मांजर लाळ गाळत असेल, डगमगत असेल किंवा तेल त्याच्या अंगावर सांडलं असेल तर थेट पशुवैद्याकडे न्या. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक, त्यांच्या खोलीत यातलं काहीच नको. तान्ह्या बाळाच्या आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीतही नको. ओझोन सोडणारं हवा शुद्धीकरण यंत्र चालू असताना संत्र्या-लिंबाची तेलं वापरू नका. लिमोनीन आणि ओझोनच्या प्रक्रियेतून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. दालचिनीचं किंवा लवंगेचं तेल हाताला लागलं तर पाण्याआधी साधं खाद्यतेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टरांना दाखवा.